वेग किती होता?

१ जुलै २०२३ ची रात्र आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला माणूस सहसा विसरणार नाही. दीड वाजला होता. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा गावापाशी, आधी खांबाला आणि मग दुभाजकाला धडकून उलटली. ती नेमकी दाराच्या बाजूवर पडली. दार जमिनीखाली दबले, डिझेलने पेट घेतला. आत तेहतीस माणसे होती. आठ वाचली, त्यांतली काही खिडकीची काच फोडून बाहेर आली होती. पंचवीस गेली. देह ओळखू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात चोवीस जणांना एकत्र अग्नी दिला गेला आणि एका मुलीचे दफन झाले.

त्या दिवसांत गावच्या लोकांनी पत्रकारांना जे सांगितले, त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या असत्या तर आणखी काही जीव वाचले असते, असे ते म्हणाले. वाचलेल्यांपैकी एकानेही हेच सांगितले. पेटलेली बस दिसत होती आणि गाड्या पुढे जात होत्या.

त्या गाड्यांमधली माणसे निर्दय होती असे मला म्हणवत नाही. त्या रात्री मी तिथून जात असतो तर थांबलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. त्याचे उत्तर शोधताना मला रस्त्यावरच्या साक्षीदाराचा इतिहास चाळावा लागला. आज तोच आपल्याशी बोलणार आहे. सुरुवात मात्र घरापासून करतो.

माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. नागपूरकडे आणि पुढे कलकत्त्याला जाणारा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा आपल्या जिल्ह्यातून जातो. आता त्याचा क्रमांक त्रेपन्न आहे. त्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचे छप्पर, बाहेर पाण्याची घमेली आणि टांगलेल्या ट्यूबा, एवढेच ते दुकान. मी चौथीत असेन. एका सकाळी दुधाचे कॅन लावलेल्या एका सायकलवाल्याला ट्रकने उडवले आणि ट्रक न थांबता निघून गेला. अब्बांनी ते पाहिले. पंक्चरची जागा दाखवायला हातात खडू होता, त्याच खडूने त्यांनी दुकानाच्या फळीवर ट्रकचा नंबर लिहिला. त्या काळी नंबरपाटीवर तीन इंग्रजी अक्षरे आणि चार आकडे असत. आकडे अब्बांना येत होते, अक्षरे येत नव्हती. ती त्यांनी चित्रासारखी काढली. पंचनामा झाला, अब्बांनी उर्दूत सही केली.

पुढे चार वर्षे तालुक्याच्या कोर्टाच्या तारखा. एका तारखेला दुकान बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. कधी आरोपी हजर नसे, कधी वकील नसे. आई म्हणायची, "काय को पड़े दूसरे के लफड़े में?" शेवटी एकदाची साक्ष झाली. समोरच्या वकिलाने विचारले, "वेग किती होता?" अब्बा म्हणाले, "साहेब, आँधीसारखा आला." वकील म्हणाला, "आँधीचा वेग किती असतो?" कोर्टात हशा झाला. ट्रकवाला सुटला.

घरी आल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जो देखा वो बोलाच नहीं. जो लगा वो बोला." त्यांनी पाहिले होते ते असे : ट्रक डांबर सोडून चुकीच्या बाजूच्या मातीवर उतरला होता, आणि त्याच्या चाकाचा माग दुकानाच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर उमटला होता. हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनाही तेव्हा ते सांगण्यासारखे वाटले नाही.

आता इतिहासाकडे वळू.

'ग्वाही' हा आज आपला मराठी शब्द आहे. मंत्री सभेत ग्वाही देतात. मुळात तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ साक्ष. जुन्या मराठी कागदांत साक्षीदाराला 'गोही' म्हटलेले आढळते. शिवकाळात आणि पेशवाईत गावात वाद उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर गावाच्या साक्षी पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढी. पाटलाचा नांगर, तसे ज्याचे त्याचे निशाण. म्हणजे फळीवर इंग्रजी अक्षरे चित्रासारखी काढणारे माझे अब्बा या भूमीवरचे पहिले असे साक्षीदार नव्हते. पण महजरावर निशाणी करणारा माणूस आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या माणसांविषयी बोलत असे. तो कोण, त्याचा शब्द किती वजनाचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. रस्त्यावर तसे नसते. मारणारा परका, मरणारा परका आणि पाहणाराही परका. अशा ठिकाणी साक्षीदाराच्या पाठीशी गाव नसते. तिथे कायदाच उभा राहावा लागतो.

कायदा होता का? होता, आणि आपल्याला वाटतो त्याहून फार जुना. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत कलम २७९ आले. तेव्हा या देशात मोटार नव्हती. रस्त्यावर बैलगाडी, टांगा आणि घोडेस्वार. तरी त्या कलमात वाहन हाकणाराही आहे आणि स्वारी करणाराही. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने कोणी चालला, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हयगयीने मरण ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे ३०४-अ हे कलम दहा वर्षांनी, १८७० साली त्यात घातले गेले. त्याच साली आपल्या खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा आला. वऱ्हाडचा कापूस त्या बाजारात बैलगाड्यांनी यायचा. रस्त्यावरच्या गर्दीची आपल्याला तेव्हापासूनची ओळख आहे.

२७९ व्या कलमातली एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी. ते लागू व्हायला अपघात घडावा लागत नाही. कोणाला खरचटण्याचीही गरज नाही. जिवाला धोका होईल असे चालवणे एवढेच पुरे. म्हणजे १८६० पासून कायद्याला जो साक्षीदार हवा आहे, तो अपघातानंतर प्रेताभोवती जमणाऱ्या गर्दीतला नव्हे. तो दहा मैल आधीचा आहे, ज्याने गाडी डुलताना पाहिली तो.

पुढे १९१४ साली देशासाठी मोटार वाहनांचा पहिला कायदा झाला, १९३९ साली दुसरा आणि १९८८ साली तिसरा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच सुमारास नंबरपाट्या बदलल्या, आणि आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर 'एमएच २८' दिसू लागले. धोकादायक वाहन चालवण्यासाठी १८४ वे कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा जुने २७९ हे नवे २८१ झाले. शिक्षा तीच, सहा महिने. दंडही तोच, हजार रुपये. १८६० साली हजार रुपयांत केवढा संसार उभा राहत असेल! आज तेवढ्यात ट्रकचे एक टायरही येत नाही.

गुन्ह्याचा विचार असा झाला. साक्षीदाराचा विचार व्हायला मात्र फार उशीर लागला.

स्कूटरवरून जाणारा एक माणूस अपघातात जखमी झाला, त्याला जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून घेतले नाही, दूरच्या रुग्णालयात नेताना तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी जोडून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८९ साली न्यायालयाने निकाल दिला की जखमीवर उपचार आधी, कागदपत्रे नंतर. हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. डॉक्टरला कर्तव्य सांगितले गेले. जखमीला उचलून आणणाऱ्याची भीती तशीच राहिली.

२००७ साली दिल्लीत शाळकरी वयाचा एक मुलगा गाडीच्या धडकेने रस्त्यावर पडून राहिला. लोक पाहत होते, मदत मिळाली नाही, तो गेला. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. या संस्थेने २०१३ साली देशात पाहणी केली. शंभरातले चौऱ्याहत्तर लोक म्हणाले, आम्ही अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी आहे. त्यांतल्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी कारण दिले ते पोलीस आणि कोर्टाच्या कटकटीचे. मला ते वाचताना आईचाच आवाज ऐकू आला. एका खेड्यातल्या बाईची भीती साऱ्या देशाची भीती निघाली.

या संस्थेच्या अर्जावर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यासाठीची नियमावली देशभर बंधनकारक केली. २०१९ साली ती मोटार वाहन कायद्यातच १३४-अ म्हणून आली. आज कायदा असे सांगतो : जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे. तो तयार झाला तर त्याला वारंवार हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. १८६० ते २०१९. रस्त्यावरचा गुन्हा लिहून झाल्यावर, तो पाहून धावणाऱ्या माणसाला जपायला आपल्या कायद्याला एकशे एकोणसाठ वर्षे लागली. अब्बा तेव्हा हयात नव्हते.

आता त्या वकिलाच्या प्रश्नाकडे येतो. वेग किती होता? तो प्रश्न मला कित्येक वर्षे दुष्टपणाचा वाटत असे. १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याविषयी एका वकील मित्राने मला समजावून सांगितले. गाडी जोरात होती एवढे म्हटल्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही. जोरात हा सापेक्ष शब्द आहे, असे न्यायालयाने म्हटले. मोटार वाहन कायद्यातही तरतूद आहे की नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर कोणाला वेगमर्यादा मोडल्याची शिक्षा देता येत नाही. त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. हे न्यायाचेच आहे. कारण चालकही कोणाचा तरी बाप असतो, आणि घाबरलेल्या माणसाला प्रत्येक गाडी आँधी वाटते.

आपल्या बातम्यांतला ट्रक नेहमी 'भरधाव' असतो. जन्मात मी मंद ट्रकच्या अपघाताची बातमी वाचलेली नाही. तो शब्द लिहिणाऱ्याच्या मनातला राग सांगतो, रस्त्यावर काय घडले ते सांगत नाही. मी कविता लिहितो. आँधीसारखा, वाऱ्यासारखा, काळासारखा, अशा शब्दांवर माझे आयुष्य गेले. तेच शब्द अब्बांच्या साक्षीत निकामी ठरले, हे मान्य करायला मला जड गेले. पण वेग हा डोळ्यांचा विषय नाही. तो यंत्राने मोजायचा. चाल हा डोळ्यांचा विषय आहे. गाडी पट्टा सोडून किती वेळा गेली, कोणत्या बाजूने ओलांडले, समोरून येणारा कडेला उतरला का, दिवे होते की नाही. हे अडाणी माणूसही सांगू शकतो आणि ते कोर्टात टिकू शकते.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे घ्या. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धीच्या कामावरचा टिपर उलटला आणि तेरा मजूर सळ्यांखाली गेले. लोखंडी सळ्यांनी भरलेल्या गाडीत माणसे बसवली आहेत, हे निघतानाच कोणाला तरी दिसले असेल. २९ जुलै २०२३ रोजी मलकापूरला पहाटे दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या, सहा जण गेले. त्यांतली एक बस अमरनाथची यात्रा करून हिंगोलीला परतत होती. दुसरी ट्रकला ओलांडताना समोर आली, असे तेव्हा सांगण्यात आले. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाला सुमारे चारशे बासष्ट. यांतल्या किती गाड्या आधी कोणाच्या तरी डोळ्यांखालून डुलत गेल्या असतील?

हे मी कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. आता माझीच गोष्ट सांगतो.

२०२४ च्या हिवाळ्यातली रात्र. अकोल्याचे कविसंमेलन आटोपून मी एसटीने परतत होतो. खामगाव सोडले आणि आमच्या पुढे एक कंटेनर लागला. तो हळूहळू उजवीकडे सरकायचा, दुभाजकापर्यंत जायचा आणि एकदम झटका खाऊन डावीकडे यायचा. पुढच्या बाकांवरचे सगळे ते पाहत होते. वाहक म्हणाला, "झोपला वाटते बुवा तो." कोणीतरी म्हणाले, "कळवा ना कोणाला." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या खिशात फोन होता. तो मी काढला आणि परत ठेवला. माझ्या नावाची नोंद होईल, मग बोलावणे येईल, मग तारखा. पन्नाशी ओलांडलेला, बीए झालेला, सभांमधून माणुसकीवर बोलणारा मी त्या दुकानातल्या चौथीच्या पोरासारखा बसून राहिलो. नांदुऱ्याच्या अलीकडे एक मोटरसायकल कडेच्या मातीत उतरून थोडक्यात वाचली. मागे बाई होती, तिच्या मांडीवर मूल होते. तेव्हा मी एकशे बारा लावला.

पलीकडच्या माणसाने विचारले, कुठे आहात? मी म्हणालो, नांदुऱ्याचा मारुती दिसायला लागला. एकशे पाच फुटांची ती मूर्ती महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे माझा पत्ता अगदीच वाया गेला नाही. कोणीकडे चाललाय? मलकापूरकडे. नंबर काय? पाटीवर चिखल होता, शेवटचे चार आकडे दिसले, ते सांगितले. काय करतोय? दोनदा दुभाजकापर्यंत गेला, एक मोटरसायकल मातीत उतरली. त्याने ठीक म्हटले आणि फोन ठेवला.

मलकापूरच्या अलीकडे तो कंटेनर कडेला उभा दिसला. शेजारी पोलिसांची गाडी. चालक खाली उतरून कॅनमधल्या पाण्याने तोंड धूत होता. पंचविशीचा असेल. त्याचे डोळे लाल होते, आमच्या बसच्या दिव्यात ते दिसले. मला त्याचा राग आला नाही. १९६१ सालीच मोटार कामगारांच्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. त्याच्या मालकाने ती त्याला दिली होती की नाही, कोण जाणे. त्या फोनमुळे कदाचित त्याचाही जीव वाचला असेल. बेदरकार चालकाची खबर देणे ही चुगली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते तोंड धुणारे पोर डोळ्यांपुढे आणावे.

त्यानंतर चार रात्री फोन वाजला की मी दचकत होतो. कोणी बोलावले नाही. खामगाव ते नांदुरा एवढे अंतर मी गप्प बसलो, ही गोष्ट मात्र अजून मला बोलावते.

आमच्या घरच्या भाषेत साक्षीला 'शहादत' म्हणतात. साक्षीदार तो शाहिद, आणि जीव देणारा तो शहीद. दोन्ही एकाच धातूतून निघाले. लहानपणी मला वाटे, साक्ष द्यायची तर मरणाइतके धैर्य लागते, म्हणून असेल. आता वाटते, इतक्या मोठ्या धैर्याची गरज पडू नये म्हणूनच तर कायदे करायचे असतात.

तेव्हा आपल्याला विनंती एवढीच. स्वतः गाडी चालवत असाल तर फोनला हात लावू नका. शेजारच्याला लावायला सांगा. त्या गाडीचा पाठलाग करू नका, तिला ओलांडून जाब विचारायला जाऊ नका. एकशे बाराला कळवा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर एक हजार तेहतीसही आहे. कोणी जखमी असेल तर एकशे आठ. आणि सांगताना किलोमीटरचा दगड पाहून सांगा. मी आता प्रवासात खिडकीशी बसून ते दगड वाचत जातो.

त्या रात्रीच्या फोनचा विचार करताना एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. पलीकडच्या माणसाने मला वेग किती होता, असे विचारलेच नाही. कुठे, कोणीकडे, नंबर काय आणि काय करतोय, एवढेच विचारले. या चारही प्रश्नांची उत्तरे अब्बांजवळ होती. त्यांतली एक तर खडूने फळीवर लिहिलेली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)